तीन म्हटल्यावर

लहान मुलांच्या दुकानात मला गणवेश मिळत नाही, एवढंच.
बूट तिथलेच. चौतीस नंबर.
टाचेवर नारिंगी मासा होता,
तो मी ब्लेडनं खरवडून काढला.

ग्दिन्याच्या या इस्पितळात सगळं उंच माणसांनी लावलंय:
सलाइनचे हूक, हातमोज्यांची खोकी,
मॉर्फिनच्या कपाटाचं कुलूप.
ग्राझिना दिवसपाळी संपवून जाते
तेव्हा प्रत्येक पलंग तिच्या कमरेला आलेला असतो,
म्हणजे माझ्या छातीला.
पहिली वीस मिनिटं मी पलंग खाली आणते.
मोटर कुरकुरते. पेशंट म्हणतात, लिफ्ट आली वाटतं.
स्टूल माझं आहे. बुडाशी खडूनं लिहिलंय, सबीना,
तरी एक्स-रेवाले पळवतात.

फायदेही आहेत.
पलंग आणि भिंत यांच्या फटीत मी मावते,
तिथं पडलेल्या कवळ्या, जपमाळा मीच काढते.
दचकून उठलेलं माणूस मला बघून घाबरत नाही.
एक आजी रात्रभर विचारत होत्या, शाळेत का नाही गेलीस?
मी पंचेचाळीस वर्षांची आहे.
म्हटलं, आज सुट्टी आहे.

ब्रुनोन फोर्मेला आले फेब्रुवारीत.
एकशे अठरा किलो. डावी बाजू गेलेली.
मला बघून त्यांनी दाराकडे बघितलं,
मागून कोणी येत असेल म्हणून.
कोणी येत नव्हतं.
"सिस्टर," अर्ध्या तोंडानं ते म्हणाले, "सत्तेचाळीस किलो?"
"शेहेचाळीस."
"बंदरात एवढ्याला आम्ही वजन म्हणत नाही."

एकतीस वर्षं क्रेन चालवलेली,
जमिनीपासून चाळीस मीटरवर, काचेच्या खोलीत,
खाली माणसं तांदळाएवढी.
तिसऱ्या रात्री म्हणाले, "उचलू नका.
उचलतो तो मोडतो. आधी वजनाचा मध्य शोधा.
माझा डावा गुडघा वाकवा. हां. आता तो दांडा झाला.
खांद्यामागं हात घाला
आणि तुम्ही नुसत्या मागं बसा,
मागं खुर्ची आहे असं समजून."

हे मला नर्सिंगच्या शाळेत
चोवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.
मी बोलले नाही.
शिकवताना त्यांची जीभ सरळ चालायची.

मग मोजायचं. एक. दोन.
तीन म्हटल्यावर त्यांचा उजवा हात कठडा पकडायचा
आणि एकशे अठरा किलो
धक्क्याला लागणाऱ्या जहाजासारखे
सावकाश माझ्याकडं वळायचे.
रात्रीतून चार वेळा. अकरा आठवडे.
पाठीवर एक ओरखडासुद्धा नाही.
ग्राझिना विचारायची, तुझ्या मदतीला कोण होतं?
मी म्हणायचे, ते होते की.

कंबर दुखतेच. खोटं कशाला बोलू.
घरी आल्यावर स्वयंपाकघरात फरशीवर पडते,
पाय खुर्चीवर टाकून,
आणि नवरा मला ओलांडून चहाचं पाणी ठेवतो.

मेच्या सुरुवातीला, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
डॉक्टर आले, वेळ लिहिली, गेले.
वॉर्डबॉय खालच्या मजल्यावर अडकलेला,
फोनवर म्हणाला, अर्धा तास थांब, एकटी करू नकोस.
थांबता आलं असतं.

पलंग खाली आणला.
पाणी कोमट केलं, कुणासाठी कोण जाणे.
गुडघा वाकवला. खांद्यामागं हात घातला.
खिडकीत बंदराचे लाल दिवे, एकही हलत नव्हता.
एक, मी मोठ्यानं म्हटलं.
दोन.

तीन म्हटलं
आणि थांबले, कठड्याकडं बघत.

मग मागं बसले,
मागं खुर्ची आहे असं समजून.